मेंढीकोटाला एक तारा

मोबाइलवरच्या खेळांची परीक्षणं लिहिणं हे माझं काम आहे असं सांगितलं की लोक हसतात. मुलुंडच्या आमच्या भाड्याच्या घरासमोर राहणाऱ्या बाई तर म्हणाल्या होत्या, "म्हणजे दिवसभर खेळतच बसायचं? मज्जा आहे हो तुमची!" मज्जा! एखाद्याला रोज पाच हॉटेलांतली शिळी मिसळ खायला लावा आणि मग विचारा, मज्जा आहे का म्हणून.

एका मराठी वेबसाइटसाठी मी लिहिते. पत्त्यांचे खेळ, पटावरचे खेळ आणि ते किल्ले-बिल्ले बांधून शेजाऱ्यावर सैन्य घालायचे डावपेचांचे खेळ, हे सगळं माझ्या वाट्याला. दर आठवड्याला नवे खेळ उतरवून घ्यायचे, खेळायचे आणि शेवटी पाचपैकी तारे द्यायचे. किल्ल्याच्या खेळात बुरूज बांधायला घेतला की खेळ सांगतो, बुरूज उद्या तयार होईल, नाहीतर आत्ता हिरे विकत घ्या. बुद्धिबळात घोडा उचलला की कर्जाची जाहिरात. ल्युडोत माझा फासा सहा दाखवायलाच तयार नाही आणि समोरची कुणी 'प्रिन्सेस' नावाची अदृश्य बाई मात्र सहावर सहा टाकते. खेळ नको, पण जाहिराती आवर, असं म्हणायची वेळ येते. हे सगळं मी रागारागाने लिहून पाठवते आणि आमचा संपादक, माझ्याहून वयाने बराच लहान, फोन करतो, "ताई, जरा पॉझिटिव्ह लिही ना यार. तू सगळ्यांची वाट लावतेस."

एवढ्या वर्षांत कुठल्याही खेळाने मला रडवलं नव्हतं. चिडवलं भरपूर. रडवलं ते मेंढीकोटाने.

मेंढीकोट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चार जण, दोन जोड्या. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. दश्शीला म्हणायचं मेंढी. चौघांचं एकेक पान पडलं की एक हात होतो, ज्याचं पान मोठं त्याच्या जोडीचा. चार रंगांच्या चार मेंढ्या, त्या आपल्या हातांत ओढायच्या, दुसऱ्यांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत. बाकी सगळं चालतं, थोडी लबाडीसुद्धा चालते, पण दुसऱ्यांच्या एक्क्यावर आपली मेंढी टाकणं म्हणजे भर मांडवात वरमाईला धक्का देण्यासारखं. आणि भिडूची पानं बघणं हे त्याहून मोठं पाप.

भांडुपच्या आमच्या चाळीत बाबा, त्यांचा भिडू आणि आणखी दोघे रोज दुपारी गॅलरीत गोणपाट टाकून बसायचे. बाबा आणि त्यांचा भिडू गिरणीतले सोबती, दोघांचे गाव कोकणात एकमेकांना लागून. गिरणी बंद पडली, दोघांनी मिळेल ती कामं केली, पोरांची लग्नं केली, पण जोडी बदलली नाही. बाबांच्या या भिडूला मी नुसतं काका म्हणायची. दुसऱ्या जोडीत एक निवृत्त बस कंडक्टर आणि एक पोस्टातले. चौघांचा आवाज खालच्या नळापर्यंत जायचा. आई असताना म्हणायची, माझ्याशी एवढे बोलले असते तर संसार सोन्याचा झाला असता.

मग चाळ विकासकाने घेतली. टॉवर होणार, सगळ्यांना झकास मोठी घरं मिळणार, तोवर ज्याने त्याने आपापली सोय बघायची. टॉवरचे खांब जमिनीतून वर आले आणि तिथेच थांबले, आता त्यांच्यावर शेवाळ आहे. बाबा माझ्याकडे मुलुंडला आले. काका मुलाकडे दिंडोशीला गेले, कंडक्टर काका मुलीकडे डोंबिवलीला आणि पोस्टातले काका सरळ गावी. नवरा-बायको वेगळे राहायला लागले असते तरी चाळीत एवढी चर्चा झाली नसती, जेवढी या दोघा भिडूंच्या वेगळं होण्याची झाली.

मुलुंडला आल्यावर बाबा पहिले काही महिने पत्त्यांचा जोड काढून एकटेच चार हात वाटायचे. चारही बाजूंनी स्वतःच खेळायचे. मग तेही थांबलं. जेव म्हटलं की जेवायचे, चला म्हटलं की चालायचे. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मानेने द्यायचे. मला भीती वाटायला लागली होती, साधीसुधी नाही. असं गप्प होत गेलेलं माणूस आमच्या चाळीत मी पाहिलं होतं, आणि ते माणूस परत बोलायला लागलं नव्हतं.

तेव्हा मनात आलं, जगाला खेळ सुचवत हिंडतेस, बापासाठी एक शोध की.

शोधला. पहिल्या मेंढीकोटात ओळखीच्या लोकांबरोबर खेळायची सोयच नव्हती. दुसऱ्यात नियम कुणी लिहिले होते देव जाणे, त्यात दश्शीला काही किंमतच नव्हती. मेंढीशिवाय मेंढीकोट! तिसऱ्यात प्रत्येक हातानंतर एक मुलगी नाचत यायची आणि रमी खेळायला बोलवायची. बाबा कितीतरी दिवसांनी पूर्ण वाक्य बोलले ते तिला बघून. "ही कोण बाय? हिका आमच्या डावात कोणी बोलवल्यान?"

चौथा त्यातल्या त्यात बरा निघाला. दगडापेक्षा वीट मऊ. चौघांना आपली वेगळी खोली करता यायची, बोललेलं ऐकू जायचं. मी तीन घरी फोन करकरून तो चढवून घेतला. डोंबिवलीत कंडक्टर काकांच्या मुलीला तीन वेळा समजावलं. गावच्या काकांना रेंज मिळावी म्हणून पडवीच्या एका ठरावीक कोपऱ्यात खुर्ची ठेवायला लावली. दिंडोशीला काकांच्या सुनेने सगळं करून दिलं. ती शहाणी मुलगी. आणि एका दुपारी आमच्या हॉलमध्ये भांडुपची गॅलरी भरली.

बाबा ओरडले, हसले, शिव्या दिल्या. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. मला वाटलं, जिंकलो. संपादकाला मी त्या खेळासाठी साडेतीन तारे पाठवले, म्हणजे माझ्या मानाने दिवाळीच. "आत्ता कसं बोललीस, ताई!" तो म्हणाला.

पंधरवडाभर बरं चाललं. मग काकांच्या मेंढ्या जायला लागल्या.

कंडक्टर काकांचा एक्का पडलेला, सगळ्यांना दिसतोय, आणि त्यावर काकांची मेंढी. पहिल्यांदा झालं तेव्हा सगळे हसले. दुसऱ्यांदा बाबा हसले नाहीत. "मेल्या, तुका दिसना नाय? एक्को पडलो आसा आणि तेच्यार मेंढी घालतंस?"

"चुकलंय रे," काकांचा आवाज आला. "हात लागलो."

रोज एक तरी मेंढी अशी जायची. पोस्टातले काका पडवीतून टोमणे मारायचे. बाबा फोन आपटायचे, जेवताना तेच उगाळत बसायचे. मी म्हणायची, "बाबा, खेळ आहे तो." माझ्याकडे असं बघायचे की मीच मेंढी घातली आहे. एके दिवशी चारपैकी दोन मेंढ्या काकांनी दुसऱ्यांना वाढून दिल्या आणि बाबांचा तोल गेला. "ह्या वयात भिडू मिळाना नाय म्हणान तुका सांभाळतंय," ते ओरडले. "तुझ्यापेक्षा मशीन बरो भिडू!"

थोड्या वेळाने पडद्यावरचा काकांचा फोटो करडा झाला. ते खेळातून बाहेर गेले होते.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही नाही. मी फोन केला तर सून म्हणाली, "झोपलेत ताई," भर अकरा वाजता. बाबांना म्हटलं, तुम्ही करा फोन. "माका काय गरज नाय," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले. पुन्हा मानेने उत्तरं. म्हणजे मी त्यांना आगीतून काढून फुफाट्यात टाकलं होतं. आधी निदान भिडू लांब होता. आता भिडूच नव्हता. मला दोघांचाही राग आला. म्हातारी माणसं लहान मुलांसारखी असतात म्हणतात, पण लहान मुलांना चॉकलेट देऊन गप्प करता येतं.

पुढच्या महिन्यात वेबसाइटला पत्त्यांच्या खेळांवर मोठा लेख हवा होता, म्हणून तो खेळ मी परत उघडला. दोन फोनांवर दोन नावांनी एकटीच खेळत होते, उरलेले दोघे खेळानेच बसवलेले. मधेच गॅसवरचं दूध आठवलं आणि धावले. ओट्यापाशी असताना हॉलमधून घंटा ऐकू आली, देवळातल्यासारखी एकच, टण्ण. परत येऊन बघते तर माझी दश्शी दुसऱ्या जोडीच्या एक्क्याखाली पडलेली. मी हातही लावला नव्हता.

मग मी मुद्दाम करून पाहिलं. पान टाकायला थोडासाच वेळ असतो, फोटोभोवती हिरवं वर्तुळ फिरत कमी होत जातं. ते संपलं की घंटा होते आणि मशीन तुमच्या वतीने पान टाकतं. त्यातही हातातलं त्या रंगाचं सर्वांत मोठं पान, विचार नाही, काही नाही. घंटा फक्त तुमच्याच फोनवर वाजते. बाकीच्या तिघांना दिसतं ते एवढंच, की तुमच्या फोटोतून, तुमच्या नावाने पान आलं. ज्याची नजर मंद, ज्याला चिंचोक्याएवढ्या पानांवर दुर्री कुठली नि दश्शी कुठली ते शोधायला वेळ लागतो, त्याच्या नावावर हे यंत्र मेंढ्या उधळतं आणि शिव्या त्या माणसाला बसतात.

माझं डोकं फिरलं. कंपनीला लिहिलं, पानं मोठी करायची सोय द्या, वेळ वाढवायची सोय द्या, निदान मशीन खेळलं तर तसं दाखवा. उत्तर लगेच आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. लेखात मी या एका गोष्टीवर दोन परिच्छेद लिहिले. संपादकाने दोन्ही कापले. "ताई, टायमर सगळ्याच गेममध्ये असतो ना. त्यात काय एवढं?" त्यात काय एवढं! एक आयुष्यभराची जोडी तुटली होती, एवढंच.

बाबांना मी दोन्ही फोन समोर ठेवून दाखवलं. वर्तुळ, घंटा, पान. पुन्हा वर्तुळ, घंटा, पान. त्यांनी तिसऱ्यांदा करायला लावलं.

"म्हणजे ता तो नव्हतो?"

"नाही बाबा. मशीन होतं."

बाबांनी दोन्ही फोन उपडे ठेवले. "आणि मी तेका नको नको ता बोललंय," म्हणाले आणि उठून शर्ट घालायला लागले.

वाटेत उतरून भांडुपच्या त्यांच्या नेहमीच्या दुकानातून खाजा घेतला. काकांना मालवणी खाजा तिथलाच लागतो. तिथून दिंडोशीची बस पकडली. बसमध्ये बाबा पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. मी म्हटलं, सॉरी म्हणाल का? तर माझ्याकडे बघून म्हणाले, "भिडूक कोण सॉरी म्हणता?"

दार सुनेने उघडलं. मुलगा आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होता, म्हणून सगळे हळू बोलत होते. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, वाळले होते. बाबांना बघून नुसतं "इलंस?" म्हणाले.

"इलंय. खाजा हाडलंय."

झाली माफी. मी खाली बसून काकांना मशीनचा सगळा प्रकार सांगितला. त्यांच्या फोनचा आवाज घरातल्या ऑफिसमुळे बंद असायचा, खेळताना ते कानात इअरफोन घालायचे आणि सुनेने खेळाचे आवाज बंद करून फक्त आमचं बोलणं चालू ठेवलं होतं. घंटा त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. ऐकत असताना ते स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

"माका वाटला, माझोच हात लागता," म्हणाले. "पान आपसूक जाय. मगे म्हटलंय, म्हातारो झालंय. डोक्या चलना नाय."

"म्हातारो तुझो मोबाइल," बाबा म्हणाले आणि दोघे हसले. मला त्या क्षणी त्या कंपनीच्या मालकाला समोर बसवून खाजा भरवावासा वाटला, दात पडेपर्यंत.

बाबांनी लगेच फर्मान काढलं, आत्ताच खेळायचं. डोंबिवलीला आणि गावी फोन झाले. सुनेने आतलं दार लावून घेतलं. मी काकांच्या शेजारी बसायचं, त्यांची पानं कानात सांगायची, टाकायचं पान मात्र त्यांनीच ठरवायचं. काकांचे इअरफोन काढून मी खेळाचे आवाज चालू केले आणि पूर्ण वाढवले. "बाबा, घंटा वाजली तर समजा की वेळ संपली आणि मशीन खेळलं. नाही वाजली तर काकाच," मी सांगितलं.

मग बाबांनी आपली खुर्ची उचलली आणि फिरवली. काकांचीही फिरवायला लावली. पाठीला पाठ. "भिडूची पाना बघूची नाय," म्हणाले. एका खोलीत बसून दोघे म्हातारे भिंतींकडे तोंडं करून मोबाइल धरून बसले, हे बघून सुनेला हसू आवरेना. मलाही आवरेना.

सुरुवातीचे हात झकास गेले. काकांनी बाबांच्या राजावर बदामची मेंढी अशी चढवली की पडवीतून पोस्टातल्या काकांनी शिवी दिली. बाबांचा आवाज पूर्वीसारखा वर गेला. मला वाटलं, चला, लागलं सगळं मार्गी.

पुढच्या हाताला कंडक्टर काकांनी किलवरचा एक्का टाकला. काकांकडे किलवरची दोनच पानं होती. मी कानात सांगितलं, "किलवरचा एक्का पडलाय, कंडक्टर काकांचा. तुमच्याकडे किलवरची दुर्री आणि दश्शी." यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. चाळीतलं पाचवीतलं पोरही दुर्री टाकेल. काकांनी मान हलवली. फोटोभोवतीचं वर्तुळ अजून अर्धं हिरवं होतं. त्यांनी मला विचारलं, "दश्शी खंयची?" मी बोट दाखवलं. त्यांनी शांतपणे दश्शीवर बोट ठेवलं आणि पान गेलं.

घंटा वाजली नाही.

"आपलोच हात ना?" काकांनी मला हळूच विचारलं. चेहऱ्यावर समाधान होतं.

तेवढ्यात डोंबिवलीहून आवाज आलाच, "काय रे, मेंढी आंदण दिलीस की काय!" काकांचा चेहरा उतरला. ते फोनकडे बघत राहिले, मग आपल्या बोटांकडे. आता घंटा वाजली नव्हती, पानं मी वाचून सांगितली होती, दोष द्यायला काही उरलं नव्हतं, आणि ते त्यांना कळत होतं. मलाही ते कळून चुकलं होतं. आम्ही फोनला शिव्या घालत होतो, पण काकांचं काहीतरी फोनच्या आधीच बिघडायला लागलं होतं. मी बाबांच्या पाठीकडे पाहिलं. बाबांचे कान चांगले आहेत, शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्याही ते मोजतात.

बाबांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच मांडीवर थाप मारली.

"मशीन मेला!" मग ते जोरात म्हणाले. "परत मधीच खेळला."

"मशीन खेळला?" काकांनी विचारलं.

"नायतर काय! तू दुर्रीच घालतलंस, ह्या काय माका सांगूक होया? इचार हिका. हीच ता सगळा लिवता."

काका माझ्याकडे बघत होते. जन्मभर मी खेळांबद्दल एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही, त्यावरून संपादकाशी भांडले आहे. "हो काका," मी म्हटलं. "मशीनच. भिकार गेम आहे."

"माका वाटलाच," काका म्हणाले, आणि सरळ बसले. "मेला मशीन."

"एकच तारो दी तेका," बाबा म्हणाले. "आणि वाट पुढचो डाव."

आणखी बरेच डाव झाले. मशीन अजून काही वेळा मधेच खेळलं, घंटेशिवाय. दर वेळी बाबांनी त्याला शिव्या घातल्या, आणि मग कंडक्टर काकांनीही घातल्या, पडवीतूनही आल्या. त्यांना किती समजलं होतं मला माहीत नाही.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. भांडुपला आमचे ते अर्धवट खांब दिसले तेव्हा मी नेहमीसारखी विकासकाच्या नावाने बोटं मोडायला लागले. बाबांचं लक्ष नव्हतं.

"घंटा वाजूक नाय ना?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा."

त्यांनी रिकामी पिशवी नीट घडी करून खिशात घातली. मुलुंड आलं. उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाले, "फुडच्या आयतवारी सकाळचाच जावया. सकाळचा तेका बरा दिसता."